करंटवर उघडणारी बोटं

ऐंशी सालानंतरच्या एका उन्हाळ्यात वडिलांना लकवा झाला. पाय सावरला, उजवा हात लुळाच राहिला. ते पुलगावच्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर होते. कापसाची चिमूट दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची, धागा किती लांब निघतो ते पाहायचं आणि प्रत सांगायची, हे त्यांचं काम. दसऱ्याला वजनकाट्याची पूजा झाली की कापसाच्या पहिल्या बंडीतली, म्हणजे बैलगाडीतली, चिमूट तेच ओढत. त्या दिवसापर्यंत हात परत हवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आठवड्यातून तीनदा मी त्यांना एस.टी.नं वर्ध्याच्या दवाखान्यात नेत असे. तिथल्या बाई मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या दोन पट्ट्या कोपराखाली बांधत आणि करंट देणाऱ्या मशीनचं बटण फिरवत. मग वळलेली बोटं हळूहळू उघडत. करंट आला की तुम्हीही जोर लावा, असं त्यांनी बजावलं होतं. वडील कपाळावर घाम येईपर्यंत जोर लावत. घरी आईला सांगत, बोटं मीच उघडतो.

भाद्रपदात बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "करंट बंद केला की हात अजून काहीच करत नाही. पण दिवाळीपर्यंत थांबा, तोवर काही ठरवू नका."

वडिलांचे धाकटे भाऊ त्याच जिनिंगमध्ये तोलाईला होते. काकांनी विचारलं तेव्हा मी बाईंचं पहिलं वाक्य सांगितलं. दुसरं मला धीर देण्यापुरतं वाटलं होतं. वडिलांना दोन्हींपैकी एकही सांगितलं नाही.

दसऱ्याला वडील धुतलेला सदरा घालून पूजेला गेले. मी बरोबर होतो. नारळ फुटला आणि पहिल्या बंडीतली चिमूट काकांनी ओढली. मालकांनी वडिलांच्या डाव्या हातावर प्रसाद ठेवला.

काका मान वर न करता म्हणाले, "भाऊ, तुमच्या पोरानंच सांगतलं, हात येत नाई म्हणून."

घरी ओट्यावर टेकल्यावर वडील बोलले. "मले काऊन नाई सांगतलं?"



त्यानंतर ते एकटेच वर्ध्याला जाऊ लागले. दिवाळी उलटल्यावर बाई मला बसस्टँडवर भेटल्या. अंगठा करंटशिवाय हलायला लागून पंधरा दिवस झाले, म्हणाल्या. घरी दाखवलं असेलच.

मी हो म्हणालो.

संध्याकाळी वडील ओट्यावर बसले होते. मी येताना दिसलो, तसा त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून उपरण्याखाली ठेवला.