शाफ्टवरचे दोन बाण

दिगंबर गेल्याचा फोन कुसुमने घेतला. ती नुसतं "हं… हं…" करत खुर्चीत बसली, तेव्हा लातूरचं काहीतरी आहे एवढं मला कळलं. दुपारी जेवून तो आडवा झाला होता, तो उठलाच नाही. वयाने मी मोठा. रांगेत पाहिलं तर नंबर माझा होता. पण मध्ये घुसायची सवय त्याला पहिल्यापासून, आणि बायकोच्या हातात फोन तसाच असताना माझ्या मनात आलं ते हेच, की इथेही हा पुढे गेला. कुसुमने माझा चेहरा वाचला असावा. म्हणाली, "आज तरी त्यांना नावं ठेवू नका." मी ठेवली नाहीत. आता काही दिवस उलटले आहेत. थोडी ठेवायला हरकत नाही.

दिगंबर माझा साडू. मी थोरलीचा नवरा, नांदेडच्या कॉलेजात इतिहास शिकवणारा. तो धाकट्या शोभाचा, लातूरला ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा. साडू हे चमत्कारिक नातं आहे. दोन अनोळखी माणसं एकाच सासऱ्याच्या परीक्षेला बसतात आणि निकाल कधीच लागत नाही. आमचे सासरे, म्हणजे मामा, भोकरजवळच्या खेड्यातले. रस्त्याच्या कामावर मुकादम म्हणून हयात घालवलेले, तोंडाने फटकळ. मी गेलो की बाजेवर धुतलेली चादर पडायची, पाण्याचा तांब्या यायचा आणि मामा सदऱ्याची गुंडी लावून म्हणायचे, "या जावईबापू." दिगंबर गेला की बाहेरूनच ऐकू यायचं, "आला का रं दिग्या? ती शिडी धर अगुदर." मामांनी उभ्या जन्मात मला एक शिवी दिली नाही. दिगंबरला ते दिवसाला चार द्यायचे, आणि मी चादरीवर बसून मनात त्या मोजायचो. आदर हा माणसाला दाराशी उभा करायचा एक सभ्य मार्ग आहे, हे मी कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही. भोकरला शिकलो.

मामांचा जीव एका गाडीत होता. सरकारी लिलावात घेतलेलं जुनं पिकअप, पुढे दोन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा. दुष्काळ पडला तशी ती गाडी मामांच्या वस्तीचा पाणक्या झाली. मुदखेडच्या बाजूला एका मळ्यातल्या विहिरीला पाणी टिकून होतं. मामा रोज सकाळी पिंपं भरून आणायचे आणि वस्तीतल्या बाया घागरी घेऊन गाडीचा आवाज ऐकत उभ्या राहायच्या.

त्याच सुमारास लातूर नवा जिल्हा झाला. दिगंबर तर असा वागू लागला की जिल्हा त्याच्याच अर्जावरून दिलेला आहे. आम्हाला म्हणायचा, "आता आम्ही जिल्ह्याची माणसं, सर. तुमचं नांदेड जुनं झालं." नव्या जिल्ह्याच्या सरकारी मिरवणुकीत एक चित्ररथ पाहिजे म्हणून त्याने मामांचं पिकअप मागून नेलं. लोकांच्या नळाला पाणी नव्हतं, पण रथावर पुठ्ठ्याचं कारंजं होतं. मी ते कारंजं पाहिलं आणि नोकरी टिकवायची असल्याने गप्प राहिलो. गाडी परत आली ती चांदीच्या रंगाने लखलखत, आणि जाताना नव्हता असा एक रोग घेऊन. पन्नासच्या पुढे काटा गेला की सबंध गाडीला कापरं भरायचं. चाळीसला शहाण्यासारखी चालायची, पन्नासला हिव भरल्यासारखी. पिंपांची झाकणं वाजायची आणि गावात पोचेपर्यंत पाणी हिंदकळून कमी व्हायचं. सावकाश चालवावी, तर दुसरी खेप होत नसे.

मामांनी निर्वाणीचं सांगितलं, "येत्या आइतवारपर्यंत बघतो. न्हाई सुधरली तर धर्माबादच्या भंगारवाल्याला देऊन मोकळा व्हतो." सांगताना ते गाडीकडे बघत नव्हते. मला वाटलं, ही संधी आहे. मामांची गाडी जो वाचवील, त्याला मामा कधीतरी नावाने हाक मारतील… इतिहासाच्या प्राध्यापकाने मनात धरावी अशी ही इच्छा नव्हे, पण धरली होती.

रविवारी सकाळी आम्ही दोघंही हजर. दिगंबर गॉगल लावून, सफारी घालून आलेला. टायरला लाथ मारून त्याने निकाल दिला, "चाकाचा डग आहे, डुगडुगतंय ते. लिहून घ्या." पुढची चाकं मागे, मागची पुढे केली. थरथर जशीच्या तशी. मी म्हणालो, अर्धवट भरलेल्या पिंपातलं पाणी हेलकावे खातं, त्याची लय गाडीला लागते. दहा मिनिटं समजावून सांगितलं. मामांनी मान डोलावून ऐकलं, "बराबर आहे जावईबापू," म्हणाले, आणि आम्ही पिंपं उतरवून रिकामी गाडी पळवली. ती आणखीच जोरात थरथरली. दिगंबरने फक्त गॉगल पुसला. त्यापेक्षा बोलला असता तर बरं.

मग त्याने आत्याबाईंकडे, म्हणजे सासूबाईंकडे, एक स्टीलची ताटली आणि ओंजळभर ज्वारी मागितली. "आता गाडी कुठं दुखतं ते सोताच सांगील," म्हणाला. मामा चालवायला, दिगंबर शेजारी, आणि दाणे पसरलेली ताटली घेऊन मी मागच्या हौद्यात. भोकर रस्त्यावरून चाललेल्या बैलगाडीवाल्याने मला तसं पाहून हात जोडले, बहुधा भिक्षा मागतोय समजून. पन्नासला दिगंबर ओरडला, "मामा, आता न्यूट्रल करा, इंजिन बंद!" गाडी नुसत्या वेगावर धावत राहिली आणि थरथरतही राहिली. म्हणजे इंजिन निर्दोष सुटलं. मग पुन्हा वेग घेतल्यावर त्याने केबिनच्या मागच्या झरोक्यातून माझ्याकडून ताटली घेऊन पुढे काचेखाली धरली. दाणे जागचे हलेनात. परत मला दिली, "बरोबर मधी ठेवा सर, सीटच्या मागं." तिथे ज्वारी अशी नाचायला लागली की अर्धी माझ्या मांडीवर आली.

"घावलं!" दिगंबर म्हणाला. "चाक न्हाई, इंजिन न्हाई. मधला शाफ्ट हाय."

शाफ्ट म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा लांब लोखंडी दांडा. लिंबाच्या सावलीत गाडी लावून दोघं खाली शिरलो. तो पाने घेऊन, मी उजेडाला बॅटरी धरून. अर्धा तास त्याने सगळे सांधे हलवून पाहिले. ढिलेपणा कुठेच नाही. सांध्यात बसणारा नवा क्रॉस तर त्यानेच लातूरला, मिरवणुकीच्या आधी बसवून घेतला होता. मला काही काम नव्हतं. वर बघत होतो आणि डोळ्यांत सारखी खुपत होती ती मिरवणुकीची चांदी. गाडीच्या पोटात सगळं काळं, वंगणाने माखलेलं, आणि शाफ्ट मात्र नवरदेवासारखा चमकणारा! निव्वळ रागाने मी घराच्या किल्लीने तो रंग खरवडला. पापुद्रा निघाला आणि खाली लोखंडात कोरलेलं बाणाचं टोक दिसलं. शाफ्ट दोन तुकड्यांचा, एक दुसऱ्यात सरकणारा. दुसरा तुकडाही खरवडला. त्यावरचा बाण भलत्याच बाजूला निघाला.

"दिगंबरराव, हे बाण कशाचे?"

तो सरकत आला, बघितलं आणि कपाळावर हात मारला. ते दोन बाण समोरासमोर असायला हवेत. त्या खुणेनेच दोन तुकडे जोडायचे असतात, नाहीतर शाफ्ट झटके देत फिरतो आणि वेगाला गाडी हादरते. क्रॉस बदलताना तुकडे गोणपाटावर सुटे पडले होते, पेंटरच्या डब्यात चांदी उरली होती आणि दिगंबरच म्हणाला होता, "हाणा त्याच्यावर बी. खालून बी शोभा पाहिजे." खुणा बुजल्या. मिस्त्रीने अंदाजाने जोडलं.

त्याने शाफ्ट उतरवला, बाणासमोर बाण आणला, परत चढवला. गाडी साठला गेली आणि पिंपाचं झाकण वाजलं नाही. मामा खाली उतरले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. मी, बॅटरी अजून हातात, स्पष्ट सांगितलं, "मामा, हे सगळं त्या चांदीच्या रंगामुळे झालं. यांनीच मारायला लावला होता." मला वाटलं, आता तरी. मामांनी दिगंबरच्या पाठीत एक सणसणीत धपका घातला आणि हसत सुटले. "दिग्या, बिघडवली बी तूच अन् नीट केली बी तूच! लई हरामी हायस!" मग माझ्याकडे वळून, सदऱ्याची गुंडी लावत, "जावईबापू, हात खराब झाले तुमचे. अगं, तांब्या आण त्यास्नी." त्या दुष्काळात माझ्या हातांवर भरलेला तांब्या ओतला गेला. दिगंबरने गाडीच्या दाराच्या कडीला अडकवलेल्या फडक्याला हात पुसले आणि मामांच्या शेजारी धुळीत फतकल मारून बसला. त्या तांब्याइतकं जड पाणी मी पुन्हा पाहिलं नाही.

पुढे मामा गेले. पिकअप दिगंबरला मिळालं, मला शाल. नातलगांत ही कथा 'दिगूने गाडी कशी बरी केली' म्हणून सांगितली जाऊ लागली. किल्ली कुठल्याच आवृत्तीत नव्हती.

परवा दिगंबरच्या जलदान विधीला लातूरला गेलो. मंडपात तिघांनी भाषणं केली. एकाने दिवंगतांचा उल्लेख 'जिल्ह्याचे शिल्पकार' असा केला. दिगंबर असता तर त्याने तो खरा मानला असता. मी उठून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. गाडी तिथेच होती, विटांवर चढवलेली. शोभा मागोमाग आली. मी काही विचारायच्या आत तिने फळीवरची बॅटरी दिली. गुडघे आता वाकत नाहीत, तरी कसाबसा बसून खाली डोकावलो. दोन बाण समोरासमोर, पांढऱ्या रंगाने ठळक, अगदी ताजे.

"दर साली रंगवायचे," शोभा म्हणाली. "घरी कुणी आलं की गाडीखाली न्यायचे. सरांचे बाण म्हणायचे. आमच्या सरांनी किल्लीनं हुडकून काढले."

"मला तर कधी बोलला नाही."

"तुम्हाला सांगू नको म्हणायचे. आधीच लई शाने हायती, अजून फुगतील… तुमचं त्यांना लई लागायचं, दाजी."

"माझं? माझं काय लागायचं?"

"बाबा तुम्हाला जावईबापू म्हणायचे ना. यांना मरेपर्यंत दिग्या. एकदा तरी चारचौघांत दिगंबरराव म्हणा म्हणून मलाच भांडायचे. जसं काय बाबा माझं ऐकणार होते."

मंडपात कोणीतरी माईक तपासत होतं. मी उठायला म्हणून गाडीला धरलं आणि हाताला जुनं वंगण लागलं. शोभा लगबगीने आत गेली आणि पाण्याचा भरलेला तांब्या घेऊन आली. "दाजी, हात पुढं करा."

गाडीच्या दाराच्या कडीला तसंच एक फडकं अजून अडकवलेलं होतं. तांब्या तिच्या हातात तसाच राहू देऊन मी त्याला हात पुसले. डाग काही निघाले नाहीत, उलट कोपरापर्यंत पसरले.