माझ्या नावाची फाइल

१२ नोव्हेंबर. मेथीच्या दोन जुड्या निवडायला घेतल्या होत्या, म्हणून फोन स्पीकरवर टाकला होता. व्यसनमुक्ती केंद्रातल्या बाईंनी विचारलं, "पेशंटचं नाव?"

समोर सोफ्यावर माझा धाकटा भाऊ बसला होता. वय एकेचाळीस, हिंजवडीत नोकरी, राहायला माझ्याकडे. त्याने जोरजोरात मान हलवली. आपलं नाव कुठल्याही कागदावर येता कामा नये, या अटीवर तो एकदा, फक्त एकदा, यायला तयार झाला होता. पाठदुखीच्या गोळ्यांपासून सुरू झालेलं प्रकरण. महिन्यापूर्वी माझ्याच बाथरूममध्ये बेशुद्ध सापडला, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या वेळी एवढ्यावर निभावणार नाही. मी माझं नाव आणि माझं वय सांगून टाकलं. तिथे गेल्यावर समजावू, म्हटलं.

समजावायला कोणी सवडच दिली नाही. दुपारी पोचलो तर समुपदेशक मुलगी माझ्या नावाची फाइल उघडून बसलेली. मला समोरच्या खुर्चीत बसवलं, त्याला बाजूला.

"सोबत कोण?"

"भाऊ," तो म्हणाला. चूक कुठे होतं?

"दिवसाला किती गोळ्या होतात?" तिने मला विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊ म्हणाला, "पंधरा. घरी आठ सांगते."

मी वळून पाहिलं. मला आठच माहीत होत्या.

"ठेवतात कुठे?"

"ज्वारीच्या पिठाच्या डब्यात."

"बंद करून पाहिलं का कधी?"

"दर सोमवारी. दुपारपर्यंत टिकते. मग अंग ठणकतं, नाक गळायला लागतं. रोज म्हणते, उद्यापासून बंद. खोटं नाही बोलत मॅडम, म्हणताना तिला खरंच वाटत असतं."

मुलगी भराभर लिहून घेत होती. त्याला थांबवावं की बोलू द्यावं, मला कळेना. थांबवलं तर गप्प बसेल, आणि पुन्हा इथे येणार नाही. नाही थांबवलं तर उपचार कोणावर होणार? त्यात त्या डब्याचा रागही आला होता, आणि ही काही रागवायची वेळ नव्हती.

"ताई, तुम्हाला स्वतःला सोडायचंय का?"

भाऊ फरशीकडे बघत होता.

"याला विचारा," मी म्हटलं.

"मी तुम्हाला विचारतेय. घरच्यांना हो म्हणायला काय जातं?"

मी हो म्हणाले. कोणाच्या वतीने, ते आजही सांगता यायचं नाही.

तिने एक छोटी बाटली दिली. सकाळची पहिली लघवी, दहाच्या आत आणून द्यायची. तपासणी झाली की डॉक्टर औषध ठरवणार. बाटलीवर माझ्या नावाचं लेबल.

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "ज्वारीचा डबा?"

"थंडीत तू बाजरीच वापरतेस."

"आणि उन्हाळ्यात काय करणार होतास?"

तो हसला. मग म्हणाला, "ताई, तुझीच देऊन टाक ना. नाव तुझंच आहे."

"माझ्यात काय सापडणार? मेथी?"

"मग कसं करायचं?"

मला माहीत नव्हतं. तसं मी त्याला सांगितलंही. आमच्या घरात हे वाक्य माझ्या तोंडी फारसं येत नाही; तो माझ्याकडे बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सहाला उठले. कोमट पाण्यात बुडवून लेबल सोडवलं, राहिलेला चिकटा सुरीने खरवडला. कोरी चिठ्ठी चिकटवली. बाटली आणि बॉलपेन त्याच्या खोलीबाहेर स्टुलावर ठेवलं, दार वाजवलं आणि म्हटलं, "नाव तू लिही. साडेनऊला रिक्षा येईल."