पार्किंगमधली खुर्ची

पुण्याहून पाहुणे आले की त्यांना मॉल आणि वाळवंट दाखवायचं, हे आखातात, आमच्या अल बर्शातल्या घरात ठरलेलं. या वर्षी त्यात बिल्डिंगच्या बेसमेंट पार्किंगची भर पडली. मिसाइल हल्ल्यांच्या दिवसांत मोबाईलवर इशारा वाजला की सगळी बिल्डिंग तिथे जाऊन बसायची. आता सगळं शांत आहे आणि माझा नवरा गाइड झालाय. पोहे संपतात न संपतात तोच म्हणतो, "यल्ला, चला, आमचा बंकर बघायला!"

परवा त्याचा कॉलेजातला मित्र बायकोला घेऊन आला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, मीपण येते. त्यांनी ती जागा कधी पाहिलीच नव्हती.

मुलीला घेऊन सगळे खाली गेल्यावर नवऱ्याच्या उत्साहाला नुसता ऊत आला. "इथे गाद्या टाकल्या होत्या. इथे चहाचा थर्मास. आणि हा पिलर, एकदम सेफ!"

मित्राच्या बायकोने विचारलं, "पण आईंना कसं आणलंत हो एवढं खाली?"

"आणलं की! ही काय तिची खुर्ची," वॉचमनच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीकडे बोट दाखवून तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इशारा झाला की लिफ्ट बंद व्हायची. आम्ही बाराव्या मजल्यावर, सासूबाईंचे गुडघे गेलेले. पहिल्याच वेळी मी म्हटलं, दोघं मिळून त्यांना खुर्चीतून उतरवू. त्याने मुलीला कडेवर घेतलं, पासपोर्टची पिशवी उचलली आणि "हिला सोडून आलोच" म्हणून जो गेला, तो सगळं निवळल्यावरच वर आला. मी आणि सासूबाई बाथरूममध्ये बसून होतो. बाहेर जरा काही वाजलं की त्या दाराकडे बघत म्हणायच्या, "आला बघ." पुढच्या प्रत्येक वेळी हेच झालं.

"बट आजी वॉज अपस्टेअर्स, बाबा," मुलगी म्हणाली.

नवरा हसला. "घाबरली होती पोरगी. तिला काय आठवतंय!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई भिंतीला धरत पुढे गेल्या. पदराने खुर्ची पुसली आणि बसल्या.

"नाही गं बाळा, इथेच होते मी," त्या नातीला म्हणाल्या. "बाबांनीच नाही का आणलं मला."

नवऱ्याने लगेच मोबाईल काढला. "आई, जरा इकडे बघ."

त्या बघत होत्याच. बाथरूममधून दाराकडे बघायच्या, तशाच.