काही बदल नाही

जगात काय बदललं हे सांगणारे लोक पैशाला पासरी मिळतील, पण काय बदललेलं नाही याचा छडा लावण्यासाठी नोकरीला ठेवलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान रत्नागिरीत घरी बसून कुठल्याशा कंपनीचं काम करतात. प्रोग्रामर लोक ज्या फायली लिहितात त्यांची कुंडली सांभाळणारी एक प्रणाली असते म्हणे. तिला विचारलं की ती सांगते, अमुक फाईल नवी आली, तमुक बदलली, ही नाहीशी झाली आणि बाकीच्या जागच्या जागी आहेत. ती खरं बोलते की थापा मारते हे तपासणं म्हणजे साडूंचं काम. थोडक्यात, दिवसभर आपणच मुद्दाम पसारा करायचा आणि समोरच्याने तो ओळखला की नाही ते बघायचं. हे काम लहान मुलं फुकट करतात असं मी एकदा म्हणालो, तर चार दिवस ते माझ्याशी मोजकंच बोलत होते.

हे काम संगणकापुरतं राहिलं असतं तर माझ्या मेव्हणीने देवाला नारळ ठेवला असता. पण साडू रोज सकाळी चहाचा कप घेऊन घरभर फेरी मारतात आणि मोठ्याने अहवाल देतात. "पायपुसणं बदललेलं. पायरीवर फणस, नवा, नोंद नाही. खोबरेल तेलाची बाटली नाहीशी." फणस शेजारच्यांनी ठेवलेला असतो आणि बाटली त्यांच्याच हातात असते. मी दारात दिसलो की आत वर्दी जाते, "अगो, एक नोंद नसलेला आलाय, चहा टाक!" त्यांच्या प्रणालीत ज्यांच्याकडे बघायचंच नाही अशा फायलींचीही एक यादी असते. घरातल्या त्या यादीत शेजारचा कोंबडा आणि आमच्या दोघांच्या सासऱ्यांचे सल्ले आहेत, हे त्यांनी मला विश्वासात घेऊन सांगितलं. मेव्हणीने पहिल्यांदा केस काळे केले तेव्हा तिने मोठ्या आशेने विचारलं, "काही फरक दिसतो का?" हे चष्मा पुसून म्हणाले, "नाय. मूळ स्थितीवर आणलंयस, म्हणजे बदल शून्य." बिचाऱ्याच्या मते ही स्तुती होती. मेव्हणीने मात्र आठवडाभर आमटीत मीठ घालायचं विसरून दाखवलं.

या सगळ्या कारभाराला पुरून उरणारी एकच व्यक्ती घरात होती, ती म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी अश्विनी. ती रोज केस विंचरून कंगवा फ्रिजवर ठेवून जायची. "कंगवा हललाय!" अशी आरोळी ठोकून साडू तो आरशापाशी नेऊन ठेवायचे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा फ्रिजवर. हा खेळ तिच्या शाळेपासून चालू होता, आणि दोघांपैकी कुणालाही तो संपवायचा नव्हता.

मग अश्विनीचं लग्न ठरलं. दापोलीचं स्थळ, बागायतदार माणसं, मुलगा तिच्याच पसंतीचा. अडचण निघाली ती भलतीच. होणाऱ्या सासूबाईंचं नावही अश्विनीच! एका घरात दोन अश्विनी कशा नांदायच्या, हाक मारली तर ओ कुणी द्यायची, म्हणून लग्नात मुलीचं नाव सानिका ठेवायचं असं ठरलं. साडूंनी 'अश्विनी एक, अश्विनी दोन' असा तोडगा सुचवून पाहिला. तो कुणी मनावर घेतला नाही. मुलगीही म्हणाली, "बाबा, मला चालेल. नाव बदलून मी थोडीच बदलणार आहे?"

"तू नाय गो बदलणार," साडू म्हणाले. "पण यादी काय सांगेल?"

तिला ते कळलं नाही, म्हणून नंतर त्यांनी मला समजावलं. फाईलचं नुसतं नाव बदललं, आतलं एक अक्षरही हललं नाही, तरी यंत्र बऱ्याचदा फसतं. ते सांगतं, जुनी नाहीशी झाली, एक नवीच आली. "अर्धी हयात मी हीच चूक पकडत आलोय, साडूबुवा. आणि आता माझ्याच घरात..." मी पहिल्यांदाच त्यांची थट्टा केली नाही.

लक्ष्मीपूजन हॉलवरच उरकायचं होतं. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्या मुलाने अंगठी हातात घेतली आणि तेवढ्यात साडू पुढे झाले. "गुरुजी, एक शंका. फक्त नाव बदलतंय ना? आतला मजकूर तोच?" हॉलभर हशा पिकला. विहीणबाई मात्र हसल्या नाहीत. "म्हणजे काय हो?" त्यांनी विचारलं. साडूंनी घाम पुसत पुसत आपलं यंत्र, नाहीशी आणि नवी, सगळं सांगितलं. आता हा माणूस लग्न मोडतो की काय, या धास्तीने मेव्हणी मागून त्यांचा सदरा ओढत होती.

विहीणबाईंनी तांदळाचं ताट जरा आपल्याकडे ओढलं. मग म्हणाल्या, "मी माहेरची कुंदा. नाव जुनाट वाटलं म्हणून ह्यांच्याकडे येताना अश्विनी केलं. मग माझं काय दाखवत असेल ओ तुमचं यंत्र?"

साडूंनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"तिचं नाव तिलाच राहू दे," विहीणबाई म्हणाल्या. "मला आजपासून कुंदा म्हणा."

"आता, ह्या वयात?" त्यांचे यजमान गडबडले.

"मग काय पुढच्या जन्मी?" त्या म्हणाल्या. मागच्या रांगेतून दाभोळचे त्यांचे थोरले बंधू चक्क ओरडले, "कुंदे, शाब्बास!" मुलाने तांदळात 'अश्विनी' असं ठळक लिहिलं आणि साडू सगळ्यांदेखत ढसाढसा रडले.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो तर नोंद नसलेला म्हणून वर्दीच गेली नाही. सकाळची फेरी चालू होती, पण आवाज बसलेला. "काही बदल नाही," ते म्हणाले. "रोज हेच. साडूबुवा, ह्याच उत्तरासाठी मी आयुष्यभर राबलो हो. नाव वाचलं, पण पोर दापोलीला गेली ती गेलीच." त्यानंतर अश्विनी एसटीने दोन दिवस येऊन गेली. ती गेल्यावर मेव्हणी फ्रिजवरचा कंगवा उचलायला लागली, तेव्हा ह्यांनी तिचा हात धरला. "राहू दे गो," ते म्हणाले, "हललेला दिसू दे." कंगवा अजून फ्रिजवरच आहे, आणि साडू रोज सकाळी त्याच्यापाशी येऊन आरोळी तेवढी ठोकतात.