नणंदेने लावलेली चाकं

वहिनी दवाखान्यात नर्स होती आणि सुट्टीच्या दिवशी मोकळ्या मैदानात मांडलेल्या रबरी शंकूंमधून आपली छोटी स्पोर्ट्स कार पळवायची. तिच्या नणंदेचं चाकांच्या अलाइनमेंटचं गॅरेज होतं आणि तीही त्याच शर्यतीत उतरायची. म्हणूनच तिचा सल्ला ऐकताना वहिनीच्या मनात पाल चुकचुकली.

"चाकं वरून थोडी आत झुकवू या, म्हणजे वळणावर पकड राहील," नणंद म्हणाली. "पुढची दोन्ही समोरून किंचित बाहेर वळवू. गाडी पटकन वळेल. फक्त सरळ रस्त्यावर जरा भरकटेल, आणि टायर आतून लवकर झिजतील."

"तुझ्या गाडीला काय लावलंयस?"

"हेच."

"दाखव बघू."

नणंदेने कपाळाला हात लावला, पण आपली गाडी मशीनवर चढवली. पडद्यावर चाकांचे कोन तसेच दिसले, तेव्हा वहिनीने आपल्या गाडीलाही तेच लावून घेतलं. तरी घरी जाताना स्टिअरिंग हातात वळवळू लागलं, तशी वहिनीने दुसऱ्या गॅरेजात जाऊन पुन्हा मोजून घेतलं. सगळं सांगितल्याप्रमाणेच होतं.

शर्यतीत गाडी शंकूंमधून सुळकन निघाली आणि वहिनी पहिली आली. नणंदेच्या गाडीने एक शंकू पाडला होता, त्याच्या दंडाचे सेकंद तिच्या वेळेत वाढले होते.

"मुद्दाम पाडलास ना? मला जिंकवायला?" वहिनीने विचारलं.

नणंदेने हेल्मेट आपटलं. "मी? तुझ्यासाठी?"

ती तणतणत निघून गेली आणि आठवडाभर तिने फोनही उचलला नाही. तेव्हा कुठे वहिनीचा जीव भांड्यात पडला.