जंतुनाशकातले जंतू

जंतू मारायच्या औषधातच जंतू वाढलेले मी पाहिले, पण ते बघायची कुणाची तयारी नव्हती.

तंजावूरच्या एका खाजगी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. वॉर्ड पुसायच्या औषधाची परीक्षा माझ्याकडे असे. काचेच्या बशीत जंतू पसरायचे, औषधात भिजवलेली कागदाची टिकली मधोमध ठेवायची आणि बशी रात्रभर उबेत ठेवायची. औषधात दम असला तर सकाळी टिकलीभोवती स्वच्छ कडं दिसतं. सीलबंद बाटलीतलं औषध दरवेळी झकास पास व्हायचं. एकदा मी हट्टानं, वॉर्डात ते औषध पाण्यात मिसळून ठेवायचे त्या पिंपातूनच नमुना घेतला. कडं आलंच नाही, उलट टिकलीतूनच हिरवट वाढ पसरली होती.

कारण उघड होतं. आमच्या घरी दह्याचं भांडं कधी रिकामं पडत नाही, तळाच्या दह्यावरच नवं दूध ओततात. पिंपाचंही तेच चाललं होतं. शिळ्या पाण्यावर रोज थोडं नवं औषध पडायचं, आणि लिंबाचा वास मात्र अख्ख्या मजल्यावर घमघमायचा.

व्यवस्थापकांपुढे बशी ठेवली. त्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. "सॅम्पल बाटलीतूनच घ्यायचं, मॅडम." मी ऐकलं नाही, तेव्हा औषधाची परीक्षाच माझ्याकडून काढून घेतली. रुग्णांचे नमुने तेवढे उरले.

त्याच वॉर्डात माझा थोरला भाऊ होता. मधुमेह, त्यात पायाला जखम. मी अक्षरशः हात जोडले.

"अण्णा, सरकारी आस्पत्रीत जाऊं. इथलं औषध मेलंय."

"तिथं घाण मारतं गे. इथं बघ, किती छान वास! तुला सगळ्यांतच खोट दिसते."

मी भांडले, रडले. वहिनीही त्याच्याच बाजूची. आठवड्यानं त्याच्या जखमेतला पू तपासायला आला. बशी मीच उघडली. तीच हिरवट वाढ. व्यवस्थापक म्हणाले, "शुगर पेशंट आहेत, व्हायचंच असं." पाय गुडघ्याखालून गेला.

घरी न्यायच्या दिवशी मी त्याची चाकाची खुर्ची ढकलत होते. पुढं एक बाई फरशी पुसत होती, पोचा त्याच पिंपात बुडवून. अण्णानं छातीभर वास घेतला. मला त्याचा इतका राग आला, आणि इतकी माया.

"काय गे," तो मागं वळून म्हणाला, "घरीं पुसायला हेंच औषध आणून दे."