आई बरी आहे, असं लिही

नवरा शांतिसेनेबरोबर दक्षिण सुदानला गेला, त्या वर्षी मी जेवढी पत्रं लिहिली तेवढे शाळेत निबंधही लिहिले नव्हते. हातात मोबाइल असताना पत्रं कसली, असं शेजारणी विचारायच्या. सासूबाईंना ऐकू येत नाही म्हणून. त्यात तिकडचा फोन तुटक, अर्धा शब्द इथे तर अर्धा वाटेतच. फोन कानाला लावून त्या नुसत्या रडायच्या. मग पत्र लिहायचं असं त्यांनी ठरवलं. ठरवायचं त्यांनी, लिहायचं मी.

गोव्यात, हरमलला आमच्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने असतात. पोदेर पाव देऊन गेला की पाहुण्यांचा चहा, मग चादरींचा ढीग, आणि आठवड्यातून दोनदा सासूबाईंना घेऊन म्हापशाला डायलिसिस. नवरा गेल्यावर थोड्याच दिवसांत त्यांची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळलं होतं. हृदयही थकलंय, मुलाला एकदा बोलावून घ्या, असं डॉक्टर मला हलक्या आवाजात म्हणाले. हलक्या आवाजातलं सासूबाईंना पोचत नाही, म्हणून घरी येऊन मी ते ओरडून सांगितलं. अख्ख्या वाड्याला कळलं. ज्याला कळायला हवं तो तेवढा राहिला.

"तेका कळवचा नाय," त्या म्हणाल्या. "तो थय बंदूक घेवन उभो आसा. जीव हय लागलो तर तो थय कसो रवतलो?" आणि मला देवाची शपथ घातली.

खिडकीपाशी बसून त्या मजकूर सांगायच्या. लिही, मी बरी आसंय. लिही, जेवण जाता. एकदा म्हणाल्या, "जत्रेक चलत गेलंय म्हणान लिही." तुळशीपर्यंत जायला त्यांना माझा खांदा लागत होता. एवढं तरी नको, मी म्हटलं. "लिही गो!" लिहिलं. खोटं बोलायला सासू, खोटं लिहायला सून. मनातून मी रोज घाबरत होते. ही बाई मुलाला न बघताच जाईल, आणि तो जन्मभर मला विचारेल, तू का नाही कळवलंस?

आमच्याकडे कुठलंही पत्र असो, वर आधी श्री येतो. फक्त मयताची बातमी असेल तर श्री घालत नाहीत. ते पत्र वाचायचं आणि फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. हे कोणी शिकवत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं.

त्या दिवशी म्हापशाहून परतायला संध्याकाळ झाली. खोलीतल्या पाहुण्याला गरम पाणी हवं होतं, चादरी ओल्या होत्या, आणि सासूबाईंना तेव्हाच पत्र हवं होतं. डोळे मिटत होते. मी कागद ओढला आणि थेट सुरुवात केली, आई बरी आहे. दुसऱ्या दिवशी पत्र पोस्टात पडलं. माझ्या काही लक्षात आलं नाही.

बऱ्याच दिवसांनी नवऱ्याचा फोन आला, नेमका स्वच्छ.

"आई कदी गेली?"

सासूबाई माझ्यासमोर पेज जेवत होत्या.

"आसत," मी म्हटलं. "जेवतत."

तो मग म्हणाला, "पत्रार श्री नाय. माका वाटलां, तुका खोटां लिवक लायल्यानी, पण श्री घालूक तुझो हात वळूक नाय." पत्र मिळालं तेव्हा तो आडरानातल्या छावणीवर होता. फोन लागेना, कोणाला विचारता येईना. "दर पत्रात बरी, बरी. माझी आई येवढी बरी कदीच नव्हती. आता खरां सांग."

मी इतकी थकले होते की शपथेचं ओझंसुद्धा उचलवत नव्हतं. सगळं सांगून टाकलं. सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना कानांची गरज पडली नाही. त्यांनी ताट सरकवलं आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. खरं सांगते, मला ती शांतता बरी वाटली. एका सकाळी त्याच आपण होऊन म्हणाल्या, "रडलो काय गो तो?" मला ठाऊक नव्हतं. मी खांदे उडवले.

तो रजा काढून आला. पिशवी खाली ठेवतो न ठेवतो तोच त्या कडाडल्या, "कोणी बोलावलो तुका? मी बरी आसंय!"

तो पायाशी वाकला आणि डोक्यावरची निळी टोपी काढली. कापणी झालेल्या शेतासारखे नुसते खुंट होते. फोनवर हे त्याने मला सांगितलं नव्हतं. तिथे, परक्या मुलखात, तो आईचं सुतक पाळून बसला होता.

सासूबाईंनी सुयांनी निळा पडलेला हात त्या डोक्यावर ठेवला. पुढून मागे, मागून पुढे, फिरवतच राहिल्या.

"माझ्याखातीर?"

त्याने मान हलवली.

"बरां केलंस," त्या म्हणाल्या. "माका बघूक तरी गावलां."